चिकन राइस, लाक्सा, चिली क्रॅब: नक्की कुणाचं? सिंगापूर की मलेशिया?

मृण्मयी_एस

नमस्कार मंडळी, सिंगापूर-मलेशियात राहणाऱ्यांसाठी प्रश्न आहे, पण बाकीच्यांनीही लिहा. आमच्या ऑफिसात एक जण मलेशियातल्या इपोहचा आहे आणि एक मुलगी इथलीच, सिंगापूरची. जेवायला बसलं की दोघांचं रोज सुरू होतं, चिकन राइस आमचा, लाक्सा (मसालेदार रश्श्यातल्या शेवया) आमचा, तुम्ही फक्त ब्रँडिंग करता, तुम्ही नुसते जळता, आणि हे सगळं एकमेकांच्या प्लेटमधलं उचलून खाता खाता. कुणी रागावत नाही, पण कुणी एक इंच मागेही हटत नाही.

मला खरंच जाणून घ्यायचंय की यातला इतिहास काय आहे. एका ओळीचं उत्तर नको, नीट सांगा. आणि पुढच्या महिन्यात सासू-सासरे येतायत, आधी सिंगापूर, मग बसने मलाक्का आणि क्वालालंपूर असा बेत आहे. सासरे मासे-चिकन आवडीने खातात, सासूबाई अंडंसुद्धा खात नाहीत. तर त्यांना यातलं काय, कुठे खायला घालावं तेही सांगा प्लीज.

कॉझवेकर

छान विषय काढलात. मी सिंगापूरला लागूनच असलेल्या मलेशियातल्या जोहोर बारूत राहतो आणि कामाला रोज सिंगापूरला जातो, म्हणजे सकाळचा नाश्ता एका देशात आणि दुपारचं जेवण दुसऱ्या देशात, त्यामुळे हा वाद मी दोन्ही बाजूंनी ऐकलाय.

पहिली गोष्ट म्हणजे यातले बहुतेक पदार्थ या सीमेपेक्षा जुने आहेत. सिंगापूर मलेशियातून वेगळं झालं ९ ऑगस्ट १९६५ ला. त्याआधीची दोन वर्षं दोघं एकाच देशात होते, आणि १९५७ पर्यंत तर दोन्हीकडे इंग्रजच. पेनांग, मलाक्का आणि सिंगापूर ही तीन बंदरं तर १८२६ पासून एकाच कारभाराखाली होती. बाबा-न्योन्या म्हणजे पेरानाकान (चिनी-मलय मिश्र परंपरेची) घराणी या तिन्ही गावांत पसरलेली, आपसात सोयरिकी, मुलगी मलाक्क्याहून सिंगापूरला दिली की तिच्याबरोबर लाक्स्याचं वाटणही आलं. मग १९६५ साली एका रात्रीत तो लाक्सा कुठल्या देशाचा झाला, हे कसं ठरवणार?

आता चिकन राइस. त्याचं मूळ दोघांकडेही नाही, ते चीनच्या हाइनान बेटावर आहे, तिथे वेनचांग नावाच्या गावची कोंबडी प्रसिद्ध. हाइनानी लोक इकडे उशिरा आले, तोवर व्यापाराचे बरेचसे धंदे होक्कियन, तेओच्यू वगैरे आधी आलेल्या चिनी मंडळींनी धरलेले होते, म्हणून हे लोक इंग्रजांच्या घरी आचारी झाले, हॉटेलात, जहाजावर लागले, कॉफीची दुकानं काढली. सिंगापूरमध्ये वोंग यी ग्वान नावाचा फेरीवाला १९२० च्या दशकात कावडीला दोन टोपल्या लावून चिकन आणि भाताचे गोळे केळीच्या पानात बांधून विकायचा. त्याच्या हाताखाली शिकलेल्या मोह ली त्वी यांनी मिडल रोडवर ‘स्वी की’ हे दुकान चालवलं, ते १९९७ ला बंद झालं, पण आज सिंगापूरमध्ये जो चिकन राइस खातात त्याला नाव मिळालं ते तिथून.

म्हणजे हाइनानची कोंबडी, पण हा जो भात आहे ना, कोंबडीच्या चरबीत आलं-लसूण परतून, तिच्याच पाण्यात पांदानची सुवासिक पानं टाकून शिजवलेला, आणि बाजूला ती झणझणीत लाल मिरचीची चटणी, तो इकडचा संस्कार. माझ्या मते हा पदार्थ इथे आलेल्या हाइनानी आचाऱ्यांचा आहे, आणि ते आचारी दोन्हीकडे होते.

पेनांगची_मावशी

कॉझवेकर, तुम्ही इतिहास चांगला लिहिलात पण जरा सिंगापूरच्या बाजूने कललात हं 🙂 भाताच्या गोळ्यांचा उल्लेख तुम्हीच केलात आणि पुढचं सोडून दिलंत. ते गोळे आज कुठे मिळतात? मलाक्क्याला आणि मुआरला! सिंगापूरने ते जवळजवळ सोडून दिले, मलाक्क्याने जपले. आणि इपोहला तर त्याच कोंबडीबरोबर तिथल्या पाण्यावर वाढलेले जाडजूड मोड देतात, ते कुरकुरीत मोड खाल्ल्याशिवाय इपोहच्या माणसाशी वाद घालू नये. मृण्मयी, तुझ्या ऑफिसातल्या इपोहकराची बाजू मी पूर्ण समजू शकते.

इथल्या, म्हणजे मलेशियातल्या लोकांना काय खुपतं ते सांगते, मी इतकी वर्षं शेजारणींकडून ऐकतेय. जगात कुणी विचारलं की उत्तर म्हणून सिंगापूरचं नाव पुढे येतं. २०१८ मध्ये सीएनएनने जगातल्या ५० गोड पदार्थांच्या यादीत चेंडोल सिंगापूरचा म्हणून टाकला, तेव्हा इकडे काय गहजब झाला होता! चेंडोल म्हणजे पांदानच्या हिरव्या शेवया, नारळाचं दूध, बर्फ आणि वरून गुला मेलाका, म्हणजे मलाक्क्याचा काळा ताडगूळ. अगं, गुळाच्या नावातच गाव आहे! अर्थात इंडोनेशियावाले म्हणतात तो आमचा, आणि त्यांचंही खोटं नाही.

त्याआधी २००९ मध्ये इथल्या पर्यटनमंत्री इंग येन येन यांनी जाहीर सांगितलं होतं की लाक्सा, नासी लेमाक (नारळाच्या दुधातला भात), बाक कुत ते (डुकराच्या मांसाचा रस्सा), चिकन राइस आणि चिली क्रॅबसुद्धा मलेशियाचे आहेत, दुसऱ्यांनी पळवलेत. सिंगापूरमध्ये लोक कित्येक दिवस यावर बोलत होते. मग सिंगापूरने आपली हॉकर संस्कृती, म्हणजे स्वस्त खाद्यस्टॉलवर एकत्र जेवायची पद्धत, युनेस्कोच्या यादीत नेली, डिसेंबर २०२० मध्ये, आणि इकडच्या काही नामवंत शेफना ते अजिबात रुचलं नाही. पण २०२४ मध्ये मलेशियाची न्याहारीची संस्कृती पण त्याच यादीत गेली, नासी लेमाक, रोटी चनाय (पराठ्यासारखी रोटी), तेह तारिक (दुधाचा फेसाळ चहा) सगळं घेऊन. त्याच वर्षी केबाया हा पोशाख मलेशिया, सिंगापूर, इंडोनेशिया, ब्रुनेई आणि थायलंड अशा पाच देशांनी मिळून नोंदवला. कपड्यावर एकत्र येता येतं, मग जेवणावर का नाही येत, हा माझा मनापासूनचा प्रश्न आहे.

आणि लाक्सा म्हणून एकच पदार्थ नाहीये हे पहिलं डोक्यात पक्कं करा. सिंगापूरचा कातोंग लाक्सा नारळाच्या दुधाचा, त्यात शेवया कापून बारीक केलेल्या असतात म्हणून तो नुसत्या चमच्याने खातात. आमचा पेनांगचा आसाम लाक्सा म्हणजे चिंचेचं आंबट कालवण, बांगडा कुस्करून घातलेला, वर पुदिना, काकडी, अननस, नारळाचा थेंब नाही. कोकणातल्या माणसाने तो पहिल्यांदा खाल्ला की गप्पच बसतो. मलेशियातल्याच सारावाक राज्याचा वेगळा, आणि जोहोरवाले तर स्पॅगेटी घालतात. या सगळ्यांत ‘खरा’ कुठला हे विचारणंच मला पटत नाही, पण जीव माझा आसाम लाक्स्यावर आहे आणि राहणार.

दर्यावर्दी

मावशी, बाकी सगळं मान्य पण चिली क्रॅब नाही. तो सिंगापूरचाच. आणि मी ‘सिंगापूरचा’ म्हणतो तेव्हा मला देश नाही, एक बाई म्हणायची आहे. चेर याम तियान. १९५० च्या दशकात त्या वाफवलेल्या खेकड्यांऐवजी टोमॅटो सॉस आणि चिली सॉस घालून करायला लागल्या, नवऱ्याबरोबर हातगाडीवर विकले आणि पुढे ‘पाम बीच’ नावाचं रेस्टॉरंट काढलं. अंडं फेटून रस्सा दाट करणं आणि संबाल (मिरचीचं वाटण) हे नंतर हूई कोक वाइ या शेफने आणलं, आज बहुतेक ठिकाणी तेच रूप मिळतं. म्हणजे इथे माणूस माहीत आहे, काळ माहीत आहे, गाडी कुठे लागायची तेसुद्धा माहीत आहे. अशा ठिकाणी ‘हे सगळ्यांचंच आहे’ असं म्हणणं त्या बाईवर अन्याय आहे असं मला वाटतं. जिथे करणारा माणूस सापडतो तिथे श्रेय त्यालाच द्यावं, देशाला नंतर.

हाच न्याय यी सांगला लावला तर गंमत होते. चिनी नववर्षाला ती कच्च्या माशाची कोशिंबीर सगळे उभे राहून चॉपस्टिक्सने उंच उडवतात ना, ती. सिंगापूर म्हणतं आमच्या चार शेफनी १९६४ मध्ये आजच्या रूपात आणली, त्यात पुन्हा हेच हूई कोक वाइ आहेत. मलेशिया म्हणतं सेरेंबानच्या लोक चिंग फाट यांनी १९४० च्या दशकातच केली होती. दोन्हीकडे खरी माणसं, दोन्हीकडे त्यांची कुटुंबं अजून सांगतात. मला वाटतं दोन्ही खरं असू शकतं, कारण माशाचे काप नववर्षाला खायची पद्धत दक्षिण चीनमधून आलेलीच होती, ती दोन गावांत दोन जणांनी वाढवली.

आणि फिश हेड करी कुणीच कशी काढली नाही अजून? माशाचं अख्खं डोकं दक्षिण भारतीय मसाल्यात शिजवायची कल्पना सिंगापूरमधल्या गोमेझ नावाच्या मल्याळी माणसाची, १९५० च्या आसपासची. चिनी गिऱ्हाइकांना माशाचं डोकं प्रिय, म्हणून त्याने ते केलं. केरळचा आचारी, चिनी गिऱ्हाईक, मलय बंदर, आणि आज दोन्ही देश म्हणतात आमची.

मृण्मयी_एस

बापरे किती छान लिहिलंय सगळ्यांनी!! दर्यावर्दी, तुमचा माणसाला श्रेय देण्याचा मुद्दा मला फार पटला, उद्या लंचला हाच मांडणार आहे. एक विचारायचं राहिलं, २०२२ मध्ये चिकन राइस बंद पडायची वेळ आली होती असं ती सिंगापूरची मैत्रीण म्हणत होती, मी तेव्हा इथे नव्हते, काय झालं होतं?

कॉझवेकर

मी ते रोज बघत होतो. मलेशियात कोंबड्या महागल्या, पुरवठा कमी पडला, म्हणून सरकारने १ जून २०२२ पासून निर्यात थांबवली. सिंगापूरच्या एकूण चिकनपैकी साधारण ३४ टक्के मलेशियातून यायचं, आणि ते बहुतेक सगळं जिवंत कोंबड्यांच्या रूपात, म्हणजे इथे आणून कापलेलं ताजं. चिकन राइसला ताजीच कोंबडी लागते, कारण ती उकळत्या नाही तर उकळीच्या जरा खालच्या पाण्यात शिजवतात आणि लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवतात, त्याने कातडी घट्ट आणि तुकतुकीत होते, फ्रोझनला ते तसं येत नाही. बंदीच्या आदल्या दिवशी हॉकर सेंटरमध्ये लोकांच्या रांगा होत्या. काही स्टॉलवाल्यांनी चिकनचे पदार्थ बंदच ठेवले. बंदी हळूहळू सैल होत ऑक्टोबरमध्ये पूर्ण उठली.

तेव्हा जोहोरमधला माझा घरमालक, स्वतः मलय माणूस, मला म्हणाला की हे बरोबर नाही झालं, त्यांनी मग खायचं काय? वाद घालणं वेगळं आणि शेजाऱ्याच्या ताटातली कोंबडी जाणं वेगळं, हे इकडे कुणालाही सांगावं लागलं नाही.

लंडनवाला_पक्या

यावर एक भर घालतो. २०१८ मध्ये इथल्या, म्हणजे ब्रिटनच्या, मास्टरशेफ या पाककला स्पर्धेत एका मलेशियन वंशाच्या बाईंना बाहेर काढलं, कारण काय तर रेंदांगमधल्या चिकनची कातडी कुरकुरीत नाही. रेंदांग हा तासन् तास नारळाच्या दुधात आटवत शिजवायचा पदार्थ, त्यात कुरकुरीत काय असणार? त्यावर मलेशिया, इंडोनेशिया, सिंगापूर सगळे एक झाले. एका परीक्षकाने वर ट्वीट केलं की रेंदांग कदाचित इंडोनेशियाचा असेल, आणि शेवटी लिहिलं ‘नमस्ते’. मलेशियन लोकांना नमस्ते! मग तर विचारू नका. एरवी रेंदांगवरून मलेशिया-इंडोनेशियाचं जोरात असतं, खरं तर तो पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाउ लोकांचा, आणि तेच लोक पिढ्यान् पिढ्या मलेशियात नेगेरी सेंबिलानला येऊन वसलेत. पण बाहेरचा चुकला की हे तिघं एका बाजूला. मला त्यांचं हे फार आवडतं.

पेनांगची_मावशी

पक्या, अगदी बरोबर बोललास.

मृण्मयी, आता तुझ्या सासू-सासऱ्यांचं. सासऱ्यांना सिंगापूरला कुठल्याही चांगल्या हॉकर सेंटरमध्ये चिकन राइस दे, मग मलाक्क्याला जोंकर स्ट्रीटला गोळ्यांचा, म्हणजे दोन्ही त्यांच्या जिभेवर ताजे असतील आणि निकाल तेच देतील. चिली क्रॅब सिंगापूरलाच, बरोबर तळलेले मांतो पाव घ्यायचे, रस्सा त्यानेच पुसून खायचा. बाक कुत ते डुकराच्या मांसाचं असतं, ते खात असतील तर सिंगापूरचं मिरीचं आणि क्लांगचं काळं औषधी मुळ्यांचं, दोन्ही द्या, नाहीतर सोडून द्या.

सासूबाईंसाठी मात्र फार सांभाळ. लाक्सा दिसायला कितीही शाकाहारी दिसला तरी वाटणात सुकी कोळंबी असते. नासी लेमाकच्या संबालमध्ये सुकी मासळी आणि बलाचान (कोळंबीची आंबवलेली पेस्ट). रोटी चनाय, म्हणजे तुमच्याकडची प्राता, कणकेत काही ठिकाणी अंडं घालतात म्हणून आधी विचारायचं, आणि बरोबर देतात ती डाळ बघून फसू नका, दालचामध्ये बरेचदा मटणाची हाडं असतात, नुसती साखर मागून घ्या. काया टोस्टमधला काया, म्हणजे नारळाचा गोड जॅम, अंड्याचाच असतो. हॉकर सेंटरमध्ये चिनी शाकाहारी स्टॉल असतात, पण तिथेही अंड्याचं विचारा. निर्धास्त खाण्यासारखं म्हणजे चेंडोल, आणि पुतू मायाम, तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, वर ओलं खोबरं आणि गूळ. सिंगापूरला तेक्का सेंटर आणि क्वालालंपूरला ब्रिकफील्ड्समध्ये शोधा. पुतू मायाम सकाळी लवकर संपतं, नऊच्या आत पोचा.

मृण्मयी_एस

मावशी, हे सगळं लिहून घेतलं. दालचाचं माहीतच नव्हतं, आमच्या खालचा प्रातावाला काय घालतो ते आजच विचारते.