मदत हवी: करडं मरायलेत, औषध सांगा

माळरान:
मागच्या दोन वेतांपासून करडं नाजूक निपजायलेत. आधी जुळी ठरलेली, आता एकेकच. परवाच्या एका करडाचा खालचा जबडा आखूड, कासेला तोंडच लागंना. चमच्यानं दूध पाजलं, चौथ्या दिवशी गेलं. शेळ्या उस्मानाबादी जातीच्याच आहेत, खुराक भरपूर. लवकर सांगा.

शेळीमित्र:
जंतनाशक कधी पाजलं? पीपीआरची, म्हणजे शेळ्यांच्या प्लेगची लस?

माळरान:
सगळं वेळेवर आहे हो. तेवढं कळतं.

डॉक्टरकाका:
गाभडतात का, म्हणजे गाभ पडतो का? गाभडत असतील तर आधी रक्त तपासून घ्या. आणि शेळ्या किती, बोकड किती, आणला कुठून?

माळरान:
चाळीस शेळ्या, बोकड एकच. घरचाच. आधीच्या बोकडाचा पोरगा, दिसायला एक नंबर. गाभडत नाहीत.

डॉक्टरकाका:
हे आधी सांगायचं ना राव! आया, बहिणी सगळ्या त्यालाच लागल्या.

फार्मवाला९६:
बोअर बोकड आणा, मटणाची परदेशी जात, प्रश्न मिटला. माझी करडं बघायला या.

कंधारी_लाल:
हेच सांगून जातवान जनावर संपवलं. मे महिन्यात माळावर बाभळीच्या शेंगांवर बोअर काढून दाखवा.

फार्मवाला९६:
वजनावर बोला. बाजारात काटा असतो, जात नाही.

जीवशास्त्रवाले_गुरुजी:
भांडू नका. संकरानं करडं सुधारतील हे खरं, पण उस्मानाबादी राहणार नाही. मालक, चाळीस आकड्यावर जाऊ नका. चार गुणिले माद्या गुणिले नर, भागिले दोघांची बेरीज: 160 भागिले 41, म्हणजे 3.9. जनुकांच्या हिशेबात तुमचा कळप चार जनावरांचा. दोन बोकड ठेवले तरी 7.6 च. आई-लेकाच्या करडात एखाद्या जागी दोन्हीकडून तेच जनुक येण्याची शक्यता 25 टक्के. लपलेला दोष तिथंच उघडा पडतो. आखूड जबडा तसलाच असू शकतो. कळप मधे कधी घटला होता का?

माळरान:
2016 ला. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते साल. चारा नव्हता, साठातल्या सहा ठेवल्या. हे सगळं त्या सहांचं आहे.

जीवशास्त्रवाले_गुरुजी:
मग विकलेल्या चोपन्नांबरोबर कितीतरी गुण बाजारात गेले. ते वाईट होते म्हणून नव्हे. दावणीला कोण राहिलं, एवढाच नशिबाचा भाग. पिल्लं वाढवून ते परत येत नाहीत. बाहेरचंच रक्त लागतं.

देवणीप्रेमी:
आमच्या देवणी गाईबैलांत वानेरा, बालंक्या, शेवरा असे तीन प्रकार. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात आता वानेरा शोधावा लागतो.

कंधारी_लाल:
माळेगावच्या जत्रेत या, लाल कंधारी गाईबैल दाखवतो.

शेडवाला:
शेडच्या अनुदानासाठी सातबारा, आठ अ तयार ठेवा.

माळरान:
शेड कुणी विचारलं? मेहुण्याकडं उस्मानाबादीच बोकड आहे, कळंबला. अदलाबदल करू का?

डॉक्टरकाका:
त्याचा कळप कुठला?

माळरान:
लग्नात आम्हीच पाच पाटा (तरण्या शेळ्या) अन् एक बोकड दिलता.

डॉक्टरकाका:
म्हणजे भाचाच. तो नको. वेगळ्या गावचा, वेगळ्या कळपाचा उस्मानाबादी बघा. आई जुळी देणारी आहे का ते डोळ्यानं बघून या. दर दोन वर्षांनी बदला. कानात बिल्ले घाला, वहीत बाप लिहा.

माळरान:
घरच्याला काय करू? जीव लावलाय पोरांनी.

फार्मवाला९६:
वजन किती भरंल?