पहाटेच्या स्वप्नांवर विज्ञानाचा शिक्का कशाला?

वाईकर_७०: परवा इथे एकाने ठोकून दिलं, ‘पहाटेची स्वप्नं खरी होतात हे आरईएमच्या शोधाने सिद्ध झालंय.’ वाचून डोकं फिरलं. 1953 मध्ये शिकागोत अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन या झोपेच्या अभ्यासकांनी नोंदवलं ते इतकंच, की झोपेच्या एका टप्प्यात, म्हणजे आरईएममध्ये, पापण्यांआड डोळे भराभर फिरतात आणि तेव्हा उठवलं तर बहुतेक जण स्वप्न सांगतात. झोपेचं आवर्तन साधारण नव्वद मिनिटांचं. पहिल्यात आरईएम जेमतेम काही मिनिटं, पहाटेच्या आवर्तनात बराच जास्त. म्हणून पहाटेची स्वप्नं लांबलचक, आणि त्यातूनच जाग येते म्हणून लक्षात राहतात. यात भविष्य कुठून आलं? श्रद्धा ठेवा, आरईएमला मध्ये ओढू नका.

सह्याद्रीचा_वारा: लिहिणारा मीच. आईला पहाटे स्वप्न पडलं, मामा पांढऱ्या धोतरात दारात उभा, ‘आत ये’ म्हटलं तरी उंबरा ओलांडेना. ती उठून दूध तापवायला लागली तोच साताऱ्याहून फोन. मामा गेला होता. तुमची नव्वद मिनिटं घाला चुलीत.

वाईकर_७०: मामा आजारी होते का?

सह्याद्रीचा_वारा: होता. अंथरुणालाच खिळला होता. मग?

वाईकर_७०: मग आईच्या मनात दुसरं काय असणार? रात्रीतून चार-पाच वेळा आरईएम येतं. घरातल्या सगळ्यांची वर्षभराची स्वप्नं मोजा. जुळलेलं एक तीस वर्षं सांगितलं जातं, न जुळलेली चहाआधीच विसरली जातात. माझे वडील गेले तेव्हा घरात कुणालाही काही पडलं नव्हतं. ते कुणी सांगत नाही.

सह्याद्रीचा_वारा: माणूस गेल्याचाही पंचनामा करायचा. धन्य आहात.

रात्रपाळीची_सिस्टर: वाईकर, तुमचंही अर्धंच. आरईएम नुसतं झोपेच्या तासांवर चालत नाही, शरीराच्या घड्याळावरही चालतं, आणि त्याचा जोर पहाटे-सकाळी असतो. मी आयसीयूतून येऊन सकाळी आठला आडवी होते. डोळा लागला की थोड्याच वेळात स्वप्नं सुरू. ही कुठल्या खात्यात टाकायची? पण ती पुरी होतील तर ना! कुकर, भंगारवाला, कुरिअरची बेल, आणि गेला महिनाभर वरच्या फ्लॅटमध्ये टाइल्स कापायचं मशीन. दारावर ‘रात्रपाळी आहे, बेल वाजवू नये’ अशी पाटी लावली, तर लोक ती वाचून कडी वाजवतात.

चौथा_मजला: माणसाने घराचं काम दिवसा नाही तर कधी काढायचं? रात्री काढलं तर पोलिसांना बोलावता. भाड्याचं घर सांभाळून आणि हप्ते भरून टेकीला आलोय.

रात्रपाळीची_सिस्टर: दिवसाची झोप मुळातच तुटकी. अंगाचं तापमान चढत असतं, उजेडाने झोपेचं संप्रेरक मेलाटोनिन दबतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2007 मध्ये रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं, 2019 मध्ये पुन्हा तेच सांगितलं. आपल्याकडे 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे दहा ते सहा. हॉस्पिटलभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं, पण तिथे रात्रभर उभी राहणारी जिथे झोपते तिथे काहीच नाही. सकाळी अर्धवट झोप झालेली नर्स रात्री तुमच्या माणसाला इंजेक्शन देते, एवढं डोक्यात ठेवा.

वाईकर_७०: घड्याळाचा मुद्दा मान्य, तो मी गाळला होता. पण धागा स्वप्नांचा आहे, सोसायटीची सभा नाही.

रात्रपाळीची_सिस्टर: झोपच नसेल तर स्वप्नांवर काथ्याकूट करून काय करू?

सह्याद्रीचा_वारा: सिस्टरांशी सहमत. आणि ठीक आहे, ‘आरईएमने सिद्ध’ एवढं खोडतो. आईचं स्वप्न खोडणार नाही.

चौथा_मजला: मिस्त्रीला सांगून कटर दुपारी तीननंतर लावतो. पण मग काम लांबलं आणि संध्याकाळी मुलांच्या अभ्यासाच्या वेळी आवाज झाला, तर तेव्हा कुणी माझ्या नावाने बोंब मारायची नाही.

रात्रपाळीची_सिस्टर: तीनला मी उठलेली असते. चालेल. हातोडाही तीननंतरच, तेही सांगा त्यांना.