परग्रह, बाह्यग्रह आणि ओलीचा पट्टा

प्रश्न, कोथरूड:
दिवाळीच्या सुट्टीत सोसायटीतल्या मुलांना घेऊन सिंहगडाच्या पायथ्याशी गेले होते. पूर्वाभाद्रपदेचे दोन ठळक तारे दाखवले आणि सांगितलं, या दोघांच्या साधारण मधे, किंचित पश्चिमेला ५१ पेगासी नावाचा अंधुक तारा आहे. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती सापडलेला पहिला ग्रह त्याचा, १९९५ सालचा. तिथलं वर्ष सव्वाचार दिवसांत संपतं. तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "म्हणजे परग्रह!" मी हो म्हटलं. लगेच पुढचा प्रश्न, "मग मंगळ?" मला उत्तर सुचेना. नेमका शब्द कोणता?

उत्तर, नारायण पेठ:
मुलीची शंका रास्त आहे. 'पर' आपल्यापासून मोजतात. परगाव म्हणजे आपलं नव्हे ते गाव, मग ते सासवड असो की नागपूर. तसा मंगळही परग्रहच. बाह्यग्रह म्हणावं तर गुरू-शनी आडवे येतात, कारण शाळेत ते बहिर्ग्रह. मी आधी 'सूर्यमालेबाहेरचा ग्रह' असं सरळ लिहितो, मग पुढे बाह्यग्रह.

उत्तर, औंध:
बाह्यग्रह रुळलाय, राहू द्या. मला खटकतो तो 'वस्तीयोग्य पट्टा'. वस्ती म्हटलं की घरं, माणसं, चूल आलीच. म्हणायचं असतं एवढंच, की ताऱ्यापासून इतक्या अंतरावरच्या ग्रहावर पाणी द्रवरूपात टिकू शकेल. तेही तिथल्या हवेने साथ दिली तर. शुक्रावर कार्बन डायऑक्साइडच्या जाड आवरणाने तापमान ४६० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलंय. मी 'ओलीचा पट्टा' म्हणतो. ओल असली म्हणजे बी रुजेलच असं नाही, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

कोथरूड:
ओलीचा पट्टा फार आवडला, मुलांना हाच सांगेन. आणखी एक शब्द मांडते. २०१९ मध्ये भारताने एका ताऱ्याला भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरींवरून 'बिभा' आणि त्याच्या ग्रहाला 'संतमस' नाव दिलं. तिथलं वातावरण ढगाळ असावं, म्हणून 'ढगाळ' हा अर्थ धरला. अमरकोशात मात्र संतमस म्हणजे चहूकडे पसरलेला अंधार. गडद तो अंधतमस, विरळ तो अवतमस. त्या रात्री पुण्याच्या दिव्यांमुळे आमच्या वाट्याला अवतमसच आला. ५१ पेगासी दुर्बिणीतूनच शोधावा लागला.