लेकीच्या मुरमांवर झाडपाल्याचे उपाय: काय चालू ठेवू, काय बंद करू?

माझी मुलगी १६ वर्षांची आहे. दीड वर्ष झालं, चेहऱ्यावर मुरूम आहेत. आधी कपाळावर केसांच्या कडेने बारीक पुळ्या आल्या, हात फिरवला की रवाळ लागायच्या. आता गालांवर लाल, ठणकणारे फोड येतात आणि बसले तरी मागे तपकिरी डाग ठेवून जातात. ती केस पुढे ओढून कपाळ झाकते, फोटो काढायचा म्हटलं की उठून जाते. मला ते बघवत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

औषधं नकोत, नैसर्गिक तेच बरं, असं मीच ठरवलं होतं. कडुनिंबाचा पाला वाटून तीन आठवडे लावला. फरक नाही, त्रासही नाही. मग हळदीचा लेप. उशीचे अभ्रे पिवळे झाले, फोड होते तसेच. मग कुणी म्हणालं, लिंबाच्या रसाने डाग जातात. कापसाच्या बोळ्याने चार दिवस लावला. चौथ्या दिवशी ती दुपारी उन्हातून आली तेव्हा दोन्ही गालांची आग आग होत होती. आठवड्याने तिथे काळपट पट्टे उमटले, अगदी रस जसा ओघळला होता त्याच आकाराचे. त्यानंतर टी ट्री तेल आणलं, थेंब सरळ फोडावर टेकवला, तर तिथली कातडी सोलून निघाली.

शेवटी ओळखीतल्या एकांनी एक क्रीमची डबी दिली, पूर्ण वनस्पतीजन्य म्हणून. आठ दिवसांत चेहरा इतका उजळला की आम्ही दोघी आनंदाने रडलो. दीड महिन्याने डबी संपत आली म्हणून थांबवलं आणि पंधरा दिवसांत आधीपेक्षा दुप्पट उसळलं.

बाकी तब्येत बरी आहे. झोप लागावी म्हणून रोज रात्री मी तिच्या डोक्याला तेल लावते. पोट साफ असतं. घरातले म्हणतात अंगातली उष्णता आहे, वय सरलं की जाईल.

मला कळून घ्यायचंय की हे नेमकं कशामुळे होतं, यातलं काय चालू ठेवू, आणि माझ्याच हातून काही बिघडलंय का? खरं तेच सांगा.

प्रतिसाद:
ताई, मी १४ ते २३ या वयात हेच भोगलंय आणि आता औषधनिर्माणशास्त्र शिकवतो. उष्णता, अशुद्ध रक्त, चेहरा नीट न धुणं, ही कारणं आधी मनातून काढून टाका. वयात येताना मुलींच्याही शरीरात अँड्रोजन हार्मोन वाढतात आणि त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल बनवू लागतात. त्याच सुमारास रोमछिद्राच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून बूच बसतं. आत कोंडलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जिवाणू पोसतो. तो एरवीही आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर असतोच. मग दाह होऊन फोड लाल होतो. ब्लॅकहेडचा काळेपणासुद्धा मळाचा नसतो, त्यामुळे तो घासून जात नाही. उलट घासल्याने दाह वाढतो.

बूच बसल्यापासून फोड वर दिसेपर्यंत कित्येक आठवडे जातात. म्हणून कुठल्याही उपायाला ८ ते १२ आठवडे द्यावे लागतात. तीन आठवड्यांत कडुनिंबाबद्दल काहीच ठरवता येत नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही.

लिंबू मात्र कायमचं बंद करा. त्याच्या रसाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) २ च्या आसपास, निरोगी त्वचेचा साधारण ५. शिवाय त्यातली फ्युरोकुमरिन नावाची रसायनं उन्हात त्वचा अक्षरशः भाजतात. ते पट्टे त्या भाजण्याचे आहेत. काही महिन्यांत फिके होतील, पण रोज सनस्क्रीन लावायला हवं.

टी ट्री तेलाची निवड वाईट नव्हती. १९९० साली ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांवर त्याचं ५ टक्क्यांचं जेल आणि ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड (मुरमांवर लावायचं नेहमीचं औषध) यांची तुलना झाली. दोन्हींनी फोड कमी झाले. तेलाला वेळ जास्त लागला, पण कोरडेपणा आणि आग कमी झाली. मात्र ते ५ टक्के होतं, तुम्ही शंभर टक्के लावलंत. बाटली उघडून बरेच महिने झाले असतील तर टाकून द्या, हवा लागलेल्या तेलाची ॲलर्जी जास्त येते.

आणि रात्रीचं तेल! पुळ्या केसांच्या कडेने सुरू झाल्या असं तुम्हीच लिहिलंय. ते तेल कपाळावर उतरतं, उशीला लागतं, तिथून गालाला. वर ती केस पुढे ओढते. महिनाभर तेल बंद ठेवून बघा.

प्रतिसाद:
ताई, पाळी नियमित येते का? फोड हनुवटी-जबड्यावर जास्त असतील, पाळी लांबत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशयाशी निगडित हार्मोनच्या बिघाडाची, तपासणी करून घ्या.

मला जास्त काळजी त्या डबीची वाटते. झटपट उजळणं आणि थांबवलं की दुपटीने उसळणं, माझ्या भाचीचं अस्संच झालं होतं. तिच्या क्रीममध्ये स्टेरॉइड, म्हणजे दाह तेवढ्यापुरता दाबणारं औषध, निघालं. डबीवर घटक छापलेत का बघा. पुन्हा मागवू नका, टाकूनही देऊ नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आणि आता वाट बघू नका. खोल, दुखऱ्या फोडांनी खड्डे पडले तर ते सहजी भरत नाहीत. गोळ्यांची धास्ती असेल तर तसं डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, बहुतेक वेळा सुरुवात लावायच्या औषधांनीच होते.

मूळ प्रश्नकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. डबी पाहिली. हिरव्या पानाचं चित्र आहे, घटकांचा एक शब्द नाही. जपून ठेवलीय. पाळी वेळेवर येते.

आज रात्री तिच्या कपाळाच्या कडेवर बोट फिरवलं तर बोटाला तेल लागलं. दीड वर्ष मी रोज तिच्या उशाशी बसते, पण हे कधी तपासलं नव्हतं. तिला सगळं वाचून दाखवलं. तिने डोकं धुतलं, केस मागे घेऊन पट्टा लावला. बऱ्याच दिवसांनी तिचं कपाळ पाहिलं. बुधवारची वेळ मिळालीय.

एकच विचारते. तोवर आग शमवायला कुंडीतल्या कोरफडीचा गर लावू का? पान कापलं की पिवळा चीक येतो, तो चालतो का?

प्रतिसाद:
चीक नको, त्याने खाज आणि पुरळ येऊ शकतं. पान कापून उभं ठेवा, पिवळं सगळं निथळू द्या, धुवा आणि आतला पारदर्शक गर तेवढा घ्या. आधी तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून पाहा. काही झालं नाही तर गालावर पातळ लावा. आग कमी होईल, बूच त्याने सुटणार नाही. बुधवारपर्यंत तेवढंच, दुसरं काही नको. आणि डॉक्टरांना लिंबापासून डबीपर्यंत सगळं क्रमाने सांगा, तारखा आठवत असतील तर कागदावर लिहून न्या.