स्वस्तातली भुतं: तुमचे किस्से लिहा

मागच्या शनिवारी घरचे सगळे गावाला, बाहेर धो धो पाऊस, कोथरूडच्या फ्लॅटमध्ये मी एकटाच. लावला एक कुठलातरी हॉरर, एकही चेहरा ओळखीचा नाही. माइक दोनदा फ्रेममध्ये आला. भुताच्या मनगटावर घड्याळाखाली उन्हाने न रापलेला गोरा पट्टा असतो ना, तो स्पष्ट दिसत होता, म्हणजे भूत घड्याळ काढून कामाला आलेलं. एकटाच खो खो हसलो. आणि रात्री पाणी प्यायला उठलो तर आधी पॅसेजचा लाइट लावला, मग पाय खाली टेकवले. तर असे पडेल, कमी पैशातले, पण तुम्हाला मनापासून आवडलेले भुताचे पिक्चर आणि त्यांचे किस्से येऊ द्या. मोठ्या स्टुडिओचे नकोत.

*

आमचं लहानपण नारायण पेठेतल्या वाड्यात गेलं. गणपतीत वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणायचो, रात्रभरात तीन कॅसेट. 'पुराना मंदिर' (१९८४) तसाच पाहिला, चौकात सतरंजी टाकून. त्यातला राक्षस सामरी पहिल्यांदा समोर आला तेव्हा पोरं एकमेकांच्या अंगावर, आणि आमची आजी वाती वळणं न थांबवता म्हणाली, "अरे याला कुणीतरी जेवायला वाढा रे, केवढा ओरडतोय." सगळा वाडा हसला. पण संडास परसात, सामाईक, तिथला बल्ब गेलेला. त्या रात्री कोणी एकटं गेलं नाही, आजीसुद्धा मला उठवून घेऊन गेली!

'पुराना मंदिर' काढणाऱ्या रामसे बंधूंना लोक हसतात पण अख्खं घर कामाला असायचं, एक भाऊ कॅमेऱ्यावर, एक साउंडला, एक एडिटिंगला, तुलसी आणि श्याम डायरेक्शनला. १९७२ चा 'दो गज जमीन के नीचे' तर सगळं बिऱ्हाड महाबळेश्वरला नेऊन केलेला. आपल्याकडे घरातल्या चौघांचं सत्यनारायणाच्या तारखेवर एकमत होत नाही.

*

आम्ही स्वतःच एक केलाय, सेकंड इयरला असताना, वेताळ टेकडीवर. बजेट अठराशे रुपये, त्यातले हजार वडापाव आणि चहात गेले. 'ईव्हिल डेड' (१९८१) च्या पोरांनी रक्तासाठी मक्याचं सिरप वापरलेलं हे वाचलं होतं, आम्ही साखरेचा पाक केला आणि खायचा लाल रंग घातला. दिसायला एक नंबर. फक्त जो मेलेला होता त्याला टेकडीवरच्या मुंग्या लागल्या आणि तो शॉटच्या मधेच उठून कपडे झटकत नाचायला लागला, तो टेक अजून आमच्या ग्रुपवर फिरतो. 'ईव्हिल डेड'मध्ये सैतान झाडीतून धावत येतो ना, ते लाकडी फळीला कॅमेरा बांधून दोघांनी दोन टोकं धरून पळत घेतलंय. आम्ही आईचा जेवायचा पाट घेतला, त्याला मोबाईल बांधला, मी एका बाजूला, मित्र दुसऱ्या, तो पडला, पाट दुभंगला, मोबाईल वाचला. शॉट मात्र काय आलाय सांगू! पाटाचं आईला अजून सांगितलेलं नाही.

रात्री शूट केलं तर फोनवर नुसते दाणे दिसायचे म्हणून पहाटे सहाला जायचो आणि मग एडिटमध्ये निळं करायचो. तर एक फिरायला आलेले काका प्रेताजवळ थांबले, नीट वाकून पाहिलं आणि म्हणाले, "पाय हलतोय त्याचा." बास, गेले पुढे.

*

मला नाही पटत हे सगळं. पैसे नव्हते म्हणून मेकअप वाईट, चालेल. पण गोष्ट लिहायला कागद आणि पेनच लागतं ना? बंद पडलेली गाडी, ओसाड बंगला, कंदीलवाला म्हातारा, दर वेळी तेच. उगाच कौतुक करू नका.

*

हिंजवडीला नाइट शिफ्ट होती तेव्हा १९६८ चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' पाहिला, लॅपटॉपच्या एका कोपऱ्यात छोटी विंडो करून. नाव बदलताना कॉपीराइटची ओळ टाकायची राहिली आणि तिकडे अमेरिकेत तो कायमचा सगळ्यांसाठी मोकळा झाला, त्यामुळे नेटवर फुकट आहे. रक्त म्हणून चॉकलेट सिरप. ब्लॅक अँड व्हाइट असल्यामुळे कळतही नाही. वरच्या ज्यांना गोष्टच हवी आहे त्यांनी हाच बघा, एक घर, सातआठ माणसं, बाहेर मेलेले, आणि आत कुणाचं कुणाशी पटत नाही. पहाटे चारला तळमजल्याचे सिक्युरिटीवाले दादा हळूहळू पाय ओढत पार्किंगमधून माझ्याकडे येत होते. त्यांचा गुडघा दुखतो हे मला माहीत असूनही मी कॅबचं दार आतून लावून घेतलं.

*

उशिरा लिहितेय. 'वन कट ऑफ द डेड' (२०१७) नावाचा जपानी आहे, साधारण तीस लाख येनमध्ये केलेला. सुरुवातीची सदतीस मिनिटं एकच सलग शॉट आणि इतका गचाळ की आमचे हे उठून भांडी घासायला गेले. स्वतःहून! मी बसले. पुढचं सांगत नाही, फक्त ती सदतीस मिनिटं सोसा.

आणि आपला 'लपाछपी' (२०१७) कोणीच कसा नाही काढला? नुसता ऊस आणि त्यातलं एक घर. सेट बांधायलाच नको. माझं माहेर दौंडकडचं, लहानपणी त्याच फडात आम्ही दिवसभर ऊस मोडून खाल्लाय, कधी भीती वाटली नाही. पिक्चर पाहिल्यानंतरच्या दिवाळीत रात्री गाडीने निघालो, दोन्हीकडे उभा ऊस, आणि ह्यांनी लघवीला म्हणून गाडी बाजूला घेतली. म्हटलं, उतरू नका, पुढे पेट्रोल पंप आहे. पंप वीस मिनिटांवर होता हे मला माहीत होतं.