पुढचा एक दाता, मागचे चार

मागचं स्प्रॉकेट (साखळीचं दातेरी चाक) जितकं मोठं तितकी गाडी सुसाट, असं म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. फॉर्म्युला स्टुडंटमधली (विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेसकारच्या स्पर्धेतली) अ‍ॅक्सिलरेशनची धाव जेमतेम 75 मीटरची. मागचं फार मोठं बसवलं तर शेवटच्या टप्प्यात आणखी एक गिअर टाकावा लागतो आणि कमावलेलं तिथेच जातं. आधी रेषा ओलांडतानाचा वेग काढा, त्या वेगाला इंजिन रेडलाइनच्या (फेऱ्यांच्या कमाल मर्यादेच्या) जरा खाली राहील असा रेशो (मागचे दाते भागिले पुढचे) धरा.

आणि पुढे 12 दात्यांचं शक्यतो नकोच! 12-48 काय, 13-52 काय, रेशो 4च. पण 13वर साखळी कमी वाकते, झीजही कमी. (मागचं जमिनीपासून किती उंच राहतं ते मात्र मोजा.) बारीक फरक मागेच करा, कारण पुढचा एक दाता म्हणजे मागचे जवळपास चार.