‘क्रॉसविंड कॉम्पोनंट’ला मराठीत काय म्हणावं?

नाशिकच्या शाळकरी मुलांसाठी ओझर विमानतळाबद्दल माहितीपत्रक लिहिते आहे. हेडविंड (विमानाच्या समोरून येणारा वारा) आणि क्रॉसविंड कॉम्पोनंट (वाऱ्याचा बाजूने येणारा भाग) यांच्यासाठी ‘सन्मुखवात’, ‘पार्श्ववात’ असे शब्द सुचवले गेले. पण वात म्हटलं की मुलांना समईतली वात आठवते. बोलीतले शब्द हवे आहेत.

— समोरचा वारा आणि आडवा वारा. पाठून आला तर पाठचा वारा.

— ‘आडवा’वर माझा आक्षेप आहे. आडवा म्हणजे क्षितिजसमांतर, आणि वारा तसाच वाहतो. ‘बाजूचा वारा’ म्हणा.

— ‘आडवा’च ठेवा. मांजर आडवं जातं तेव्हा ते वाट ओलांडतं, हाच अर्थ इथे हवा आहे. मात्र ‘घटक’ गाळू नका. प्रत्यक्ष वारा बहुतेक वेळा तिरपा असतो. समोरचा आणि आडवा हे त्याचे दोन घटक. सदिशाचे घटक मुलं पुढे भौतिकशास्त्रात शिकतातच.

ओझरचंच उदाहरण द्या. धावपट्टी पूर्व-पश्चिम, टोकांना 09 आणि 27 हे आकडे. आकड्याला 10 ने गुणलं की विमान कुठल्या दिशेला तोंड करून धावतं ते कळतं: 90 अंश (पूर्व) किंवा 270 अंश (पश्चिम). हे अंश उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजतात. पावसाळ्यात आपल्याकडे वारा नैर्ऋत्येचा, पश्चिमेचा. समजा 240 अंशांवरून 20 नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा आहे आणि विमान 27 वर उतरतंय. फरक 30 अंशांचा. आडवा घटक 20 गुणिले साइन 30, म्हणजे 10 नॉट, तोही डावीकडून. समोरचा घटक 20 गुणिले कोसाइन 30, म्हणजे सुमारे 17 नॉट. हेच विमान 09 वर उतरवलं तर फरक 150 अंशांचा होतो, कोसाइन ऋण येतो आणि तोच 17 नॉटचा घटक पाठचा ठरतो. बऱ्याच प्रवासी विमानांना पाठच्या वाऱ्याची मर्यादा 10 ते 15 नॉट असते, म्हणून अशा वेळी 27 च वापरायची. हा हिशेब पत्रकात जरूर घ्या. मुलांना त्रिकोणमिती अशी कामाला लागलेली क्वचितच दिसते.

कॅल्क्युलेटर नसेल तर घड्याळ, म्हणजे अंशांना मिनिटं समजून तासाचा तेवढा भाग घ्यायचा: 15 अंशांना पाव, 30 ला अर्धा, 45 ला पाऊण, 60 च्या पुढे पूर्ण वारा आडवा धरायचा. 60 ला खरा आकडा 87 टक्के येतो, पण जास्त धरणं सुरक्षित.

— छान, ‘आडवा घटक’ घेते. आणि ‘गस्ट’?

— झोत, म्हणजे वाऱ्याचा मध्येच अचानक वाढणारा जोर. वारा 20 नॉट, झोत 30 नॉट असेल तर त्याच कोनात आडवा घटक 15 पर्यंत जातो. मर्यादा तपासताना झोताचा आकडा धरलेला बरा.